रिकॉलचं पत्र आलं तर काय करायचं, आणि नाही आलं तर काय

रिकॉलच्या पत्रात जो दोष लिहिलेला असतो, तो गाडीत दिसत नाही. सगळी अडचण इथेच आहे. ब्रेक लागत नसतील, इंजिन तापत असेल, चाकातून आवाज येत असेल, तर माणूस आपणहून वर्कशॉप गाठतो. त्यासाठी कुणी पत्र पाठवावं लागत नाही. रिकॉल निघतो तो बहुतेक वेळा आज सकाळी नीट सुरू झालेल्या आणि उद्याही नीट सुरू होणाऱ्या गाड्यांसाठी. मग नव्याने गाडी घेतलेला माणूस पत्र वाचतो, गाडीकडे बघतो, “आपली तर मस्त चालते” म्हणतो आणि पत्र कागदांच्या ढिगात जातं. पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी आणि रिकॉल हा शब्द पहिल्यांदाच कानावर आलेल्यांसाठी मी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

रिकॉल कशाला म्हणतात

गाडी घडवतानाच राहून गेलेला, अनेक गाड्यांत सारखाच असलेला आणि जिवाला धोका करू शकणारा दोष कंपनीने स्वतःच्या खर्चाने दूर करून देणं म्हणजे रिकॉल. ब्रेक पॅड झिजले तर तो रिकॉल नव्हे, पॅड झिजण्यासाठीच असतात. पण ब्रेकची नळी चुकीच्या जागेवरून नेल्यामुळे घासून फुटत असेल आणि त्या मॉडेलच्या हजारो गाड्यांत ती तशीच नेलेली असेल, तर तो रिकॉलचा विषय. रेडिओ बंद पडला, रंग उडाला, ही कामं वॉरंटीची. समोरच्या काचेवरचं धुकं घालवणारा पंखा बंद पडत असेल तर मात्र चालकाला रस्ताच दिसणार नाही, म्हणून त्यासाठी रिकॉल निघू शकतो. भाग किती महागाचा आहे याला महत्त्व नाही. तो निकामी झाल्यावर रस्त्यावर काय होईल, हे बघितलं जातं.

“परत बोलावणे” या शब्दांमुळे काहींना वाटतं की कंपनी गाडी काढून घेणार. तसं नसतं. गाडी काही तासांसाठी किंवा एखाद्या दिवसासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची, सदोष भाग बदलून किंवा दुरुस्त करून घ्यायचा आणि परत आणायची. दुरुस्ती शक्यच नसेल तर गाडी बदलून देणं किंवा पैसे परत करणं असे मार्गही काही देशांच्या कायद्यात आहेत, पण ती वेळ क्वचितच येते.

एकाच मॉडेलच्या सगळ्या गाड्या रिकॉलमध्ये असतात असंही नाही. २०२१च्या मे महिन्यात रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी सात देशांतल्या सुमारे २ लाख ३७ हजार मोटरसायकली तपासणीसाठी बोलावल्या. तो दोष डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात पुरवठादाराकडून आलेल्या मालात होता. त्याच्या आधी तयार झालेली तशीच दिसणारी, त्याच रंगाची मोटरसायकल या यादीत नव्हती. म्हणून “मित्राच्या गाडीला रिकॉल आला, माझीही तीच गाडी आहे” किंवा “त्याला आला नाही, म्हणजे मलाही नाही” या दोन्ही समजुती सोडून द्या. उत्तर फक्त तुमच्या गाडीच्या चासी नंबरावरून मिळतं.

दोष लपतो कसा

घाई असेल तर हा भाग सोडून थेट पहिल्या पायरीवर जा. पण माझा अनुभव असा की हे एकदा समजलं की माणूस पत्र बाजूला टाकत नाही.

टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण घ्या. एअरबॅग फुगवायला तिच्या मागे इन्फ्लेटर नावाची धातूची डबी असते. धडक बसली की डबीतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. टकाटाने या कामासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते ओलाव्याला आणि तापमानाच्या चढउताराला फार संवेदनशील असतं. वर्षानुवर्षं दिवसा तापून रात्री निवणाऱ्या गाडीत त्याच्या वड्या हळूहळू सच्छिद्र होतात. अशी वडी ठरल्यापेक्षा फार वेगाने जळते, दाब वाढतो, डबी फुटते आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या अंगावर येतात. ज्या किरकोळ धडकेतून माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला असता, तशा धडकांमध्ये लोक यामुळे दगावले. पहिला छोटा रिकॉल २००८मध्ये निघाला आणि वाढत वाढत एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत पोचला. २०१७मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००१ ते २००३ या मॉडेल-वर्षांच्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांतले इन्फ्लेटर धडकेच्या वेळी फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचं अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, २०१६मध्ये सांगितलं होतं. अशा गाडीत बसून रोज कामाला जाणाऱ्याला काय जाणवत असेल? काहीच नाही. एअरबॅगचा दिवासुद्धा लागत नाही, कारण दिवा वायरिंग तपासतो, डबीतली वडी तपासत नाही.

जनरल मोटर्सच्या किल्लीची गोष्ट याहून साधी, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. इग्निशन स्विचमधली एक छोटी स्प्रिंग हवी तेवढी कडक नव्हती. किल्लीला जड जुडगा लटकत असेल, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यातून गेली, तर किल्ली चालू स्थितीतून मागे सरकायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग गेलं, ब्रेकला इंजिनकडून मिळणारी मदत गेली, आणि त्याच क्षणी एअरबॅगचाही वीजपुरवठा तुटला. गाडी मध्येच बंद पडते, अशा तक्रारी येत होत्या, पण कंपनीत बराच काळ ती ग्राहकांची गैरसोय समजली गेली, सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे. पुढे स्विच गुपचूप सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे बाहेरून कळेना. रिकॉल निघाला २०१४मध्ये. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली.

उभी गाडीही सुरक्षित असेलच असं नाही. फोर्डच्या अनेक मॉडेलमध्ये क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) बंद करणारा एक स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसवलेला होता. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला वीज, आणि मध्ये एक पातळ पडदा. पडदा चिरला की ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचं, गंज चढायचा, स्विच तापायचा. गाडी बंद असतानाही त्या तारेत वीज असायची, म्हणून किल्ली काढून घरात गेलेल्या माणसाची गाडी कित्येक तासांनी पेटत असे. १९९९पासून दशकभरात यासाठी १ कोटीहून अधिक गाड्या बोलावल्या गेल्या. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्यांसाठी जवळपास याच जातीचा रिकॉल काढला. तिथे एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, मोड्यूलमध्ये ब्रेक ऑइल गळून शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असं मालकांना सांगितलं गेलं.

कारण कधी कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असं असतं. २०११मध्ये माझदाने आपल्या माझदा ६ गाड्या एका कोळ्यामुळे बोलावल्या. पिवळसर रंगाचा तो कोळी पेट्रोलच्या वासाने इंधन टाकीच्या हवा येण्याच्या नळीत शिरून जाळं विणायचा. नळी तुंबली की टाकीत हवा शिरेना, टाकी आत ओढली जाऊन तडकण्याची भीती. काही वर्षांनी पुन्हा तसाच रिकॉल काढावा लागला. या सगळ्या गाड्यांत समान काय होतं, तर त्या मालकाला नीट चालताना दिसत होत्या.

पहिली पायरी: चासी नंबर लिहून घ्या

रिकॉल शोधायला नंबर प्लेट नेहमीच पुरत नाही. काही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर ती चालते, पण खात्रीचा आधार चासी नंबरच, ज्याला व्हीआयएन असंही म्हणतात. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. कारमध्ये बहुधा समोरच्या काचेखाली डॅशबोर्डच्या कडेला किंवा चालकाचा दरवाजा उघडल्यावर खांबावरच्या पट्टीवर सापडतो. दुचाकीला हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. नोंदणीच्या कागदावर आणि विम्याच्या पॉलिसीतही असतो, पण पहिल्यांदा तो गाडीवरूनच वाचून कागदाशी ताडून बघा. वापरलेली गाडी घेतली असेल तर हे ताडणं चुकवू नका. जुळला नाही तर रिकॉलपेक्षा मोठा प्रश्न तुमच्यापुढे उभा आहे.

वाचताना एक सोय लक्षात ठेवा. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. म्हणजे गोल दिसलं की ते शून्य, उभी रेघ दिसली की तो एक. नंबराचा स्पष्ट फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

दुसरी पायरी: नंबर टाकून बघा, आणि बघत राहा

जवळपास सर्व मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर “रिकॉल” किंवा “सर्व्हिस कॅम्पेन” नावाचं पान असतं. तिथे चासी नंबर टाकला की तुमच्या गाडीवर काही बाकी आहे का, ते दिसतं. पान सापडलं नाही तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगा आणि नेमकं विचारा: “या चासी नंबरवर कुठला सेफ्टी रिकॉल बाकी आहे का?” नुसतं “सर्व्हिसिंग बाकी आहे का” विचारलंत तर उत्तरही सर्व्हिसिंगचंच मिळेल. सर्व्हिस कॅम्पेन म्हणजे बऱ्याचदा सुरक्षिततेशी संबंध नसलेली, ठरावीक मुदतीतली सुधारणा. ती करून घ्यायला हरकत नाही, पण तिला रिकॉल समजून निश्चिंत होऊ नका.

सरकारी व्यवस्था देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत १९६६च्या कायद्याने याची सुरुवात केली, आणि तिथे एनएचटीएसएच्या पानावर जवळपास कोणत्याही मोठ्या कंपनीची गाडी नंबरावरून तपासता येते. भारतात कंपन्यांची स्वेच्छा-पद्धत आधीपासून होती. सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले, आणि ते ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची कायदेशीर हमी पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांची आहे. या मर्यादा वाचून मला नेहमी टकाटाच्या वड्या आठवतात. त्यांचा धोका वयाबरोबर वाढत जातो, आणि कायद्याचं संरक्षण वयाबरोबर संपत जातं. म्हणून गाडी जुनी आहे एवढ्या कारणाने विचारायचं सोडू नका. मर्यादा उलटल्यावरही अनेक कंपन्या दुरुस्ती फुकट करून देतात.

एकदा तपासून “काही नाही” आलं म्हणजे काम कायमचं संपलं, असं धरू नका. दोष सापडायला वर्षं लागतात. आज स्वच्छ असलेल्या नंबरावर सहा महिन्यांनी रिकॉल दिसू शकतो. वर्षातून दोनदा बघायची सवय ठेवा. विम्याच्या नूतनीकरणाला जोडून घेतलंत तर विसरणार नाही.

टायरचं खातं वेगळं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टायरवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणारा स्वतःचा कोड असतो. त्यातले शेवटचे चार अंक तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. ३५२१ म्हणजे २०२१चा पस्तिसावा आठवडा. २०००च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, कारण वेगात असताना वरचा थर सुटून निघत होता. नंतर बदललेल्या टायरचा तुमच्या गाडीच्या चासी नंबराशी काहीच संबंध नसतो, त्यामुळे तो शोध वेगळा करावा लागतो. लहान मुलांच्या सीटचंही तसंच. सीट घेताना सोबत आलेलं नोंदणीचं कार्ड भरून पाठवा. कंपनीला तुमचा पत्ता कळण्याचा तोच एक मार्ग असतो.

तिसरी पायरी: पत्र शेवटपर्यंत वाचा

रिकॉलच्या सूचनेत चार गोष्टी शोधायच्या: दोष काय आहे, त्याने काय होऊ शकतं, उपाय काय, आणि उपाय होईपर्यंत मालकाने काय करायचं. लोक पहिल्या तीन वाचतात. चौथी बऱ्याचदा शेवटच्या परिच्छेदात असते, आणि आज रात्री जिवाशी तिचाच संबंध असतो.

“गाडी चालवू नका” असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. सर्व्हिस सेंटरपर्यंतही चालवत नेऊ नका. गाडी उचलून न्यायची व्यवस्था करायला सांगा. अशा रिकॉलमध्ये कंपन्या ती बहुधा करतात. “उघड्यावर उभी करा” याचा अर्थ आगीचा धोका. बंद गॅरेजात, घराच्या भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून उभी करू नका. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत काही सेलमध्ये दोन दोष एकत्र आले की आग लागत होती. २०२१मध्ये सगळ्या बोल्ट गाड्या रिकॉलमध्ये आल्या तेव्हा मालकांना सांगितलं गेलं की चार्ज ९० टक्क्यांवर थांबवा, बॅटरी फार खाली जाऊ देऊ नका, रात्रभर घरात चार्जिंगला लावून ठेवू नका. जनरल मोटर्सच्या स्विचसाठीचा सल्ला आणखी सोपा होता: जुडग्यातून बाकी सगळं काढा, किल्ली एकटीच लावा. करायला पाच सेकंद लागतात.

सूचना मोघम असेल, “इंजिन बंद पडण्याची शक्यता” एवढंच लिहिलं असेल, तर फोन करून विचारा: धावत असताना की सुरू करताना? आधी काही लक्षण दिसतं का? हायवेवर नेऊ का? उत्तर देणारा माणूस गोंधळला तर वरच्याशी बोलायला मागा. हा तुमचा हक्क आहे.

आणि फसव्या फोनपासून जपा. रिकॉलसाठी कुणी पैसे, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागत नाही. शंका आली तर आलेल्या मेसेजमधल्या नंबरावर फोन करू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि चासी नंबरवरून खात्री करा.

चौथी पायरी: वेळ घ्या, आणि कागद घेतल्याशिवाय निघू नका

फोनवर चासी नंबर आणि रिकॉलचा क्रमांक दोन्ही सांगा. भाग आलेला आहे का, हे जाण्याआधी विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. मोठ्या रिकॉलमध्ये लाखो गाड्यांना एकच भाग लागतो आणि तो एका दिवसात तयार होत नाही, त्यामुळे थांबावं लागू शकतं. प्रतीक्षा यादीत नाव लिहून घ्या, कुणी लिहिलं त्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा, आणि दर काही आठवड्यांनी स्वतः फोन करा. गाडी चालवू नका म्हटलं असेल आणि भाग नसेल, तर बदली गाडी किंवा प्रवासखर्च मिळेल का, ते विचारा. प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, पण न विचारणाऱ्याला सहसा मिळत नाही.

काम फुकट असतं: भागही आणि मजुरीही. गाडी वॉरंटीत आहे की नाही, सर्व्हिसिंग बाहेर केलं होतं की तिथेच, तुम्ही पहिले मालक की तिसरे, याने काही फरक पडत नाही. “आधी पेड सर्व्हिस करा, मग रिकॉल करू” असं कुणी म्हणालं तर शांतपणे नकार द्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा.

जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप कामाची नोंद करतं त्या कागदावर, रिकॉलचा क्रमांक लिहिलेला असू द्या. काम झाल्यावर शून्य रकमेचं का होईना, पण बिल घ्या, आणि त्यावर काय तपासलं, काय बदललं ते स्पष्ट असू द्या. “तपासलं, ठीक आहे, बदलायची गरज नाही” हे उत्तरही खरं असू शकतं, कारण यादीतल्या सगळ्याच गाड्यांत दोष निघत नाही. पण तेही कागदावर हवं. आठवड्याभराने संकेतस्थळावर पुन्हा नंबर टाकून बघा. अजून बाकी दाखवत असेल तर नोंद झालेली नाही, लगेच विचारा.

रिकॉल निघण्याआधीच तुम्ही तोच भाग स्वखर्चाने बदलला असेल, तर जुनं बिल शोधून काढा. बऱ्याच रिकॉलमध्ये असे पैसे परत मिळतात. मुदत पत्रात दिलेली असते.

गाडी सॉफ्टवेअरने दुरुस्त होत असेल तर

आता काही रिकॉल वर्कशॉपमध्ये न जाताच पुरे होतात. २०२३च्या डिसेंबरमध्ये टेस्लाने ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसंबंधी अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल काढला, तो इंटरनेटवरून थेट गाडीत आलेल्या अपडेटने. “नुसतं अपडेट, त्याला कसला रिकॉल” असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ब्रेक किंवा स्टीअरिंगला आज्ञा देणारं सॉफ्टवेअर हाही गाडीचा भागच आहे. अपडेट आपोआप आलं असेल असं धरून चालू नका. गाडीला नेटवर्क मिळालं का, ते पूर्ण बसलं का, पडद्यावर आवृत्तीचा क्रमांक पत्रातल्यासारखा दिसतो का, हे बघा.

वापरलेली गाडी: इथे सगळ्यात जास्त निसटतं

रिकॉलचं पत्र नोंदीत असलेल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडी विकली गेली, नाव बदलायला उशीर झाला, पत्ता जुना राहिला, की पत्र भलत्याच दारात पडतं. माझ्या पहिल्या वापरलेल्या गाडीचं असंच झालं. विकणाऱ्याने सर्व्हिसची जाड फाइल दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. वर्षभराने सहज चासी नंबर टाकला तर सीटबेल्टचा रिकॉल बाकी. सीटबेल्ट! रोज लावत होते, रोज खटकन बसत होता. दोष होता तो धडकेच्या वेळी ताण पेलणाऱ्या भागात. फाइलमध्ये ऑइल बदलल्याच्या नोंदी अगदी तारीखवार होत्या.

म्हणून वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा पैशांची बोलणी सुरू करण्याआधी चासी नंबर मागा आणि समोरच तपासा. बाकी रिकॉल निघाला म्हणजे गाडी टाकाऊ ठरत नाही, फक्त विकणाऱ्याला तो आधी करून द्यायला सांगा. “विक्रेता परवानाधारक आहे, म्हणजे त्याने केलंच असेल” असं समजू नका. अमेरिकेत मोठ्या भाडे-कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने द्यायला कायद्याने मनाई आहे, पण वापरलेल्या गाड्या विकणाऱ्यांवर तसं केंद्रीय बंधन नाही. जिथे कायदाच नाही तिथे तपासणं आपल्याकडे येतं.

अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत एक वेगळा धोका असतो. मोडीतल्या गाडीतून काढलेली एअरबॅग तिच्यात बसवलेली असू शकते, आणि ती मूळ गाडी रिकॉलमध्ये असू शकते. चासी नंबर ते सांगणार नाही. एअरबॅग आधी उघडल्याची शंका असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मोड्यूलवरचा क्रमांक तपासून घ्या. स्वतः उघडायला जाऊ नका; ती स्फोटक वस्तू आहे.

गाडी घेतल्यावर कंपनीकडे नवीन मालक म्हणून नाव, पत्ता, फोन नोंदवा. हे सरकारी नाव-बदलापेक्षा वेगळं काम आहे, आणि एका फोनमध्ये होतं.

दोष तुम्हालाच सापडला तर

रिकॉल आकाशातून पडत नाही. बऱ्याच रिकॉलची सुरुवात चार-दोन मालकांनी लिहिलेल्या तक्रारींनी होते. मित्सुबिशी मोटर्सने जपानमध्ये ग्राहकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं सरकारपासून लपवल्याचं २०००मध्ये उघड झालं. म्हणून तक्रार फक्त सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तोंडी करून थांबू नका. कंपनीला लेखी द्या आणि तुमच्या देशाच्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडेही नोंदवा.

तक्रारीत चीड कमी आणि तपशील जास्त असू द्या. चासी नंबर, किलोमीटर, तारीख, वेग किती होता, ब्रेक दाबलेला होता का, कोणते दिवे लागले, हवा कशी होती, आधी असं झालं होतं का. शक्य असेल तर व्हिडिओ. बदललेला जुना भाग वर्कशॉपमधून मागून घ्या आणि टाकू नका; पुढे कुणी तपास केला तर तोच पुरावा.

आणि दोष धावत्या गाडीतच समोर आला तर? २००९मध्ये टोयोटाच्या काही गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पायपुसण्यात अडकून राहत असल्याचं समोर आलं. अशा वेळी ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने आणि दाबून धरायचा. पुन्हा पुन्हा सोडून दाबला तर त्याला इंजिनकडून मिळणारी मदत संपत जाते. गिअर न्यूट्रलला टाकायचा, इंजिन कितीही ओरडलं तरी. कडेला थांबल्यावर मग इंजिन बंद करायचं. धावताना किल्ली उपसायची नाही, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत आणीबाणीला इंजिन कसं बंद करायचं ते मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा. आणि एका पायपुसण्यावर दुसरं घालू नका.

गाडी विकताना

बाकी असलेले रिकॉल करून घ्या, त्यांची जॉब कार्डं आणि शून्य रकमेची बिलं एकत्र लावून नव्या मालकाच्या हातात द्या. त्याचा फोन नंबर स्वतःकडे ठेवा, कारण पुढचं पत्र काही दिवस तुमच्याच पत्त्यावर येणार आहे. आलं की त्याच दिवशी त्याचा फोटो काढून त्याला पाठवा, आणि कंपनीला कळवा की ही गाडी आता माझी नाही, हा पत्ता बदला.